कंपन्या शाळेला वस्तू देतात, त्यांची देखभाल कोणी करायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च महिना लागला की चाकण औद्योगिक पट्ट्यातील जिल्हा परिषद शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन येऊ लागतात. वर्षअखेरीपूर्वी सीएसआरचे (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीचे) काही पैसे खर्च करायचे आहेत, तेव्हा शाळेला काय हवे ते उद्यापर्यंत कळवा, असा त्या फोनचा साधारण आशय असतो. वार्षिक परीक्षा आणि पोषण आहाराचे हिशेब यांत बुडालेला मुख्याध्यापक शेजारच्या शाळेला गेल्या वर्षी जे मिळाले तेच सांगून मोकळा होतो आणि पंधरवड्यात एका सकाळी कंपनीची बस शाळेच्या मैदानात उभी राहते. खेड तालुक्यात आधी शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, म्हणून काम करताना हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. नोकरीत असताना याविषयी जाहीरपणे लिहिणे सोयीचे नव्हते. आता निवृत्तीनंतर लिहितो आहे.

कंपन्यांच्या पैशाला माझी हरकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या भागात कारखाने आले तशी परप्रांतांतून आणि मराठवाड्या-विदर्भातून कामगार कुटुंबे आली, गावांची वस्ती पाहता पाहता वाढली आणि शाळांचा पट फुगला. खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. त्या काळात ज्या वर्गखोल्या आणि मुलींची स्वच्छतागृहे कंपन्यांनी बांधून दिली, त्यांच्यासाठी आम्ही सरकारी मंजुरीची वाट पाहत बसलो असतो तर एक पिढी व्हरांड्यात शिकून बाहेर पडली असती. हे ऋण मी मान्य करतो. प्रश्न त्यापुढचा आहे.

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. पहिल्या वर्षी देशभरात सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले होते. २०२२-२३ मध्ये हा आकडा ३० हजार कोटींच्या घरात गेला. त्यातील सर्वांत मोठा वाटा शिक्षणाकडे जातो आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत पुढे असतो. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचा या निधीशी येणारा संबंध आता एखाद्या उदार मालकाच्या मर्जीचा राहिलेला नाही. तो कायद्याने बांधलेला, वर्षानुवर्षे चालणारा व्यवहार आहे आणि व्यवहार म्हणूनच तो तपासला पाहिजे.

या व्यवहारातील सर्वांत कच्चा दुवा देखभालीचा आहे. आमच्या केंद्रातील एका शाळेला एका कंपनीने पाणी शुद्धीकरणाचे यंत्र दिले होते. स्टेनलेस स्टीलची टाकी, चार नळ, वर कंपनीचे नाव असलेली पितळी पाटी. बोअरवेलचे पाणी जड आणि पावसाळ्यात गढूळ, त्यामुळे वर्ष-दीड वर्षात आतला गाळणीचा कार्ट्रिज चिखलाने भरला. देखभालीचा करार पहिल्या वर्षापुरताच होता. यंत्र पुरवणाऱ्या दुकानदाराने फोन घेणे बंद केले आणि कंपनीतील ज्या अधिकाऱ्याने ते बसवून घेतले होते त्यांची बदली झाली होती. मी भेटीसाठी गेलो तेव्हा चारही नळ सुतळीने बांधलेले होते, टाकीवर मुलांची दप्तरे ठेवलेली होती आणि मुले पूर्वीप्रमाणेच हातपंपावर ओंजळ धरून पाणी पीत होती. पाटी तेवढी लख्ख होती, कारण स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी शिपाई ती नेमाने चिंचेने घासत असे. म्हैस दावणीला बांधून दिली आणि वैरणीचे कोणी बोललेच नाही, असा हा प्रकार.

यात दोष एकट्या कंपनीचा नाही. सीएसआरच्या नियमांनुसार अशा खर्चातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला आपल्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरण, नोंदणीकृत संस्था किंवा लाभार्थींचा गट यांच्याकडे सोपवावी लागते. नियम योग्यच आहे. परंतु ताबा पावतीवर मुख्याध्यापकाची सही झाली की त्या क्षणी यंत्राबरोबर त्याचा पुढचा सगळा खर्चही शाळेच्या माथी येतो. शंभरच्या आत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त अनुदान वर्षाला फार तर २५ हजार रुपयांचे असते. खडू, रजिस्टर, विजेचे बिल, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती हे सारे त्यातच भागवायचे. प्रोजेक्टरचा दिवा, इन्व्हर्टरची बॅटरी किंवा शुद्धीकरण यंत्राचे मेंब्रेन त्यात बसत नाही. परिणामी 'डिजिटल शाळा' म्हणून उद्घाटन झालेल्या कित्येक वर्गांतील पडदे आज गुंडाळून कपाटावर ठेवलेले आहेत आणि वीजबिल थकल्यामुळे मीटर काढून नेलेल्या शाळेतही भिंतीवर संगणक कक्षाची पाटी असते.

बिघडलेल्या वस्तूची माहिती वरपर्यंत पोहोचण्याची सोयही कायद्याने लहान शाळांसाठी ठेवलेली नाही. कामाचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घेण्याचे बंधन आहे ते ज्या कंपन्यांचे सीएसआर खर्चाचे सरासरी वार्षिक दायित्व १० कोटी रुपये वा अधिक आहे त्यांच्यावर, आणि तेही १ कोटी वा त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांपुरते. शाळेला दिलेले दोन-तीन लाखांचे यंत्र या चाळणीतून केव्हाच खाली पडते. कंपनीच्या वार्षिक अहवालात ते 'पूर्ण' म्हणून नोंदले जाते आणि ती नोंद खोटीही नसते.

आता कर्मचाऱ्यांच्या श्रमदानाकडे येतो, कारण पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना वर्षातून एखादा दिवस समाजकार्यासाठी मोकळा करतात. साठ-सत्तर तरुण मुले-मुली एकाच रंगाचे टी-शर्ट घालून येतात, नारळ फुटतो, सत्कार होतो, मग कोणी बोलक्या भिंती रंगवतात, कोणी मैदान झाडतात, कोणी रोपे लावतात. जेवणाच्या सुट्टीनंतर मुलांना खाऊ वाटला जातो, फ्लेक्ससमोर छायाचित्र निघते आणि बस परत जाते. ही मुले मनापासून काम करतात, यात मला शंका नाही. काही जण नंतर स्वतःच्या खिशातून वह्याही पाठवतात. पण त्या दिवशी शाळेचे तास बुडालेले असतात, शिक्षक पाहुण्यांच्या सरबराईत असतात आणि भिंतीवरचा आधीचा चांगला तक्ता पुसून त्यावर नवा, कधी कधी चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाचा तक्ता रंगवलेला असतो. वृक्षारोपणाचे तर विचारूच नका. पर्यावरण दिन ५ जूनला, मृग नक्षत्र त्यानंतर दोन दिवसांनी लागणार, पावसाचा भरवसा नाही आणि शाळा उघडणार १५ जूनला. मधल्या काळात कुलूपबंद आवारातील त्या रोपांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न नियोजनाच्या बैठकीत कोणालाच पडत नसावा.

असे का होते, याचे एक कारण नियमांत सापडते. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की कर्मचाऱ्यांचा सामाजिक कामातील सहभाग स्वागतार्ह आहे, मात्र त्यांच्या वेळेचे पैशांत मूल्य काढून ते सीएसआर खर्चात दाखवता येणार नाही. माझ्या मते हा निर्णय उचित आहे. अन्यथा व्यवस्थापकांचे पगारच समाजसेवेच्या खात्यावर पडले असते. परंतु त्यामुळे श्रमदानाचा विषय बहुधा संचालकांच्या सीएसआर समितीकडे न राहता मनुष्यबळ विभागाकडे गेला. तिथे त्याची मोजणी किती माणसे आली आणि किती तास भरले अशी होते. सत्तर माणसांचे सहा तास म्हणजे चारशे वीस तास. एका माणसाने वर्षभर दर आठवड्याला दोन तास दिले तर जेमतेम शंभर. बेरजेत पहिला उपक्रम चौपट ठरतो. शाळेच्या उपयोगाचा मात्र दुसरा असतो.

आणि इथे मला एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. दोन टक्के हे आता कायद्याचे देणे झाले आहे. खर्च झाला नाही तर 'चालू', म्हणजे अनेक वर्षे चालणाऱ्या, प्रकल्पाची रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते आणि इतर शिल्लक सहा महिन्यांत कायद्याने ठरवलेल्या निधीत भरावी लागते. न भरल्यास दंड आहे. तेव्हा दान म्हणावे असे कंपनीजवळ जर काही उरले असेल, तर ते तिच्या माणसांचा वेळ आणि त्यांच्या हातातील कसब हेच. त्याची सक्ती कोणी केलेली नाही, त्याचा हिशेब कायदा मागत नाही. नेमके तेच सर्वांत निष्काळजीपणे खर्च होते.

वर सांगितलेल्या त्या शुद्धीकरण यंत्राचे पुढे काय झाले ते सांगतो. गावात भाड्याच्या खोलीत राहणारा, जवळच्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करणारा एक फिटर मुलीला शाळेत सोडायला येत असे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या भागांत पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. शाळा त्या दिवशी भरलेली असते. अशाच एका गुरुवारी तो पाना आणि एक जुनी बादली घेऊन आला. त्याने कार्ट्रिज काढून बदलला, टाकीचा तळ खरवडून काढला, गळणाऱ्या जोडावर टेप गुंडाळली आणि यंत्राच्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवली. खाली त्याने सहावी-सातवीच्या मुलांसाठी लिहिले, 'पाण्याची धार बारीक झाली की मला सांगा.' यंत्रातून वाया जाणारे पाणी गटारात चालले होते, त्याची नळी त्याने परसबागेकडे वळवून दिली. सगळा खर्च काहीशे रुपयांचा, तोही शाळा व्यवस्थापन समितीने दिला. तो ज्या कारखान्यात काम करत होता त्याच कारखान्याची बस महिन्याभरापूर्वी शाळेत भिंती रंगवून गेली होती. मात्र तो कंत्राटी कामगार असल्यामुळे त्या बसमध्ये त्याला जागा नव्हती.

हा तपशील किरकोळ नाही. कंपनीच्या श्रमदानाच्या यादीत बहुधा कायम नोकरीतील, त्यातही कार्यालयात बसणारी माणसे असतात. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टूलरूममधील कारागीर, कॅन्टीनमधील स्वयंपाकी, भांडारातील हिशेबनीस यांच्या अंगी जे कौशल्य आहे त्याची गावाला नड असते आणि यांतील अनेक जण त्याच गावात भाड्याने राहतात. एकदा स्वयंसेवकांनी वर्गात विचारले, आमच्या कंपनीचे नाव कोणाला माहीत आहे का? तिसरीतल्या एका मुलाने हात वर करून त्यांच्या टी-शर्टवरील चिन्हाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, 'माझ्या पप्पांच्या गेटपासवर हेच हाय.' वर्गात हशा पिकला. पाहुण्यांपैकी कोणालाच त्याच्या वडिलांचे नाव विचारावेसे वाटले नाही.

श्रमदानाचा भूगोल हाही एक विषय आहे. ज्या शाळेपर्यंत बस तासाभरात पोहोचते आणि संध्याकाळपर्यंत परतते, तिथेच स्वयंसेवक जातात. परिणामी चाकण-तळेगाव किंवा चाकण-शिक्रापूर रस्त्यालगतच्या शाळांना तीन-तीन कंपन्यांचे रंग चढलेले आहेत, तर त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, भोरगिरी आणि भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातील ठाकर व महादेव कोळी वस्त्यांच्या शाळांत पावसाळ्यात छत गळते तिथे खाली घमेले ठेवलेले असते. कायद्यात स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्याचा उल्लेख आहे. पण ते प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा मंत्रालयाने केलेला आहे. म्हणजे कंपनीला तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाण्यास मनाई नाही. जिल्ह्याबाहेर, अगदी नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव या, विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत जाण्यासही नाही. अडचण असलीच तर ती फक्त बसच्या वेळेची असते.

याहून वेगळे काही होऊच शकत नाही असे नव्हे. टाटा समूहाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'प्रोएंगेज' उपक्रमात कर्मचारी, निवृत्त कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीयही आठवड्याच्या सुट्टीत, सहा महिन्यांपर्यंत एखाद्या संस्थेसाठी आपल्या कौशल्याचे एक ठरावीक काम करून देतात. सर्वच कंपन्यांना एवढा व्याप झेपणार नाही, हे मला कळते. पण पन्नास-शंभर कामगारांच्या लहान कारखान्यालाही आपला एक इलेक्ट्रिशियन महिन्यातून एका गुरुवारी दोन शाळांना देणे अवघड नाही. त्या दिवसाचा भत्ता आणि विमा कंपनीने द्यावा. कंपनीतले लोक इथे सुरक्षेचा मुद्दा काढतात आणि तो रास्त आहे; शाळेच्या मीटरपेटीत काम करताना अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी ठरले पाहिजे. ते ठरवण्यासाठी वकील लागत नाही, दोन बाजूंच्या सह्यांचे एक पानभर पत्र पुरते.

पैशाच्या बाजूनेही वाट आहे. सीएसआरच्या नियमांतील 'चालू प्रकल्प' या व्याख्येनुसार काम सुरू झाले ते आर्थिक वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत खर्च करता येतो. यंत्राची खरेदी आणि त्यापुढील तीन वर्षांची देखभाल हा एकच प्रकल्प म्हणून मंजूर केला तर देखभालीची रक्कम कायदेशीरपणे बाजूला ठेवता येते, मार्चची घाईही आपोआप टळते. प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे आमचे हात बांधलेले आहेत, असे सांगणारे अधिकारी मला भेटले आहेत. पण कार्ट्रिज आणि बॅटरी हा प्रकल्पाचा खर्च आहे, त्यांच्या कार्यालयाचा नव्हे.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या दत्तक शाळा योजनेत देणगीदाराला पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेचे पालकत्व घेता येते आणि मदत रोखीने न देता वस्तू व सेवांच्या रूपात द्यायची असते. शाळेला देणगीदाराचे नाव जोडण्याची मुभा दिल्यामुळे या योजनेवर टीका झाली आणि ती टीका मला पटते. सार्वजनिक शाळेच्या नावाचा सौदा होऊ नये. सरकारने आपली जबाबदारी कंपन्यांवर ढकलू नये, हेही तितकेच खरे. संयुक्त अनुदान वाढवणे आणि वेळेवर देणे हे सरकारचेच काम आहे, कंपन्यांनी कितीही दिले तरी. परंतु त्या योजनेतील मुदतीची कल्पना उचलण्याजोगी आहे. एका दिवसासाठी येणारा पाहुणा आणि पाच वर्षे येणार असे लिहून देणारा माणूस यांच्याशी शाळा वेगळ्या पद्धतीने बोलते. दुसऱ्याला ती खरी अडचण सांगते.

ती अडचण सांगण्याची जागाही आपल्याकडे तयार आहे. शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या बैठकीत या समितीने तीन याद्या कराव्यात: काय नवे हवे, काय दुरुस्त करून हवे आणि काय मुळीच नको. तिसरी यादी मी मुद्दाम सांगतो, कारण एकाच शाळेत चार ध्वनिक्षेपक आणि एकही चालू पंखा नाही, असे मी पाहिलेले आहे. केंद्रप्रमुखाने दहा-बारा शाळांच्या याद्या एकत्र करून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत औद्योगिक संघटनांकडे जुलैपर्यंत पोहोचवाव्यात. त्यानंतर मार्चमध्ये फोन आलाच तर मुख्याध्यापकाला काही सुचण्याची गरज पडणार नाही, त्याने यादीचा क्रमांक सांगावा.

तालुक्यातील उद्योजक आणि मुख्याध्यापक मित्रांना माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या ताबा पावतीवर सही करण्यापूर्वी तीत तीन रकाने वाढवून घ्यावेत: तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम किती आणि ती कोणाकडे जमा, बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येणार, आणि त्या माणसाचा भ्रमणध्वनी क्रमांक. कंपनीतील अधिकारी बदलला तर नवा क्रमांक कळवण्याची जबाबदारी कंपनीची राहील, अशी एक ओळही त्याखाली असावी. ज्या कंपनीला हे रकाने भरणे मान्य नसेल तिची वस्तू शाळेने नम्रपणे नाकारावी आणि तसा ठराव व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावा.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख,
राजगुरुनगर (ता. खेड, जि. पुणे)